पंधरांपैकी एक

लानेली, वेल्स
रविवार, 10 नोव्हेंबर 2024

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

फराळाचं पार्सल वेळेत मिळालं. आई, चकली एकही मोडली नव्हती, आणि शंकरपाळ्यांचं पुढे काय झालं ते खाली लिहितेच. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, मग तू मधे उभी राहून माझं वाक्य त्यांच्या कानात ओरडून सांगतेस आणि निम्मी गोष्ट तिथेच सांडते. ही गोष्ट मला सांडू द्यायची नाही, म्हणून पत्र लिहितेय. बाबा, हे सावकाश वाचा. तुमच्यासाठीच आहे.

अद्वैत रविवारी सकाळी रग्बीला जातो हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या वयाच्या मुलांना अजून पाडापाडी करू देत नाहीत. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावलेल्या असतात, समोरच्याने फीत ओढली की पकडलं असं धरतात. चिखल मात्र खराखुरा असतो. आम्ही आईबाप कुंपणाच्या लाकडी दांड्याला टेकून चहा पीत उभे असतो, आणि आमच्यात एक आजोबा नेहमी असतात. उंच, किंचित वाकलेले, डोक्याला लोकरीची टोपी. त्यांचा नातू केव्हाच मोठा झाला, ते आपले पोरांचा खेळ बघायला येतात. कुणाची नाडी सुटली की गुडघ्यावर बसून बांधून देतात. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी शेवटच्या पेराशी बाहेरच्या बाजूला वळलेली आहे, त्यामुळे गाठ मारताना ती वेगळीच राहते. बाबा, तुमच्या डाव्या हाताचं बोट जसं मोडून तसंच जुळून आलंय, अगदी तसं. मी परिचारिका, माझं लक्ष पहिलं तिकडेच गेलं.

मागच्या रविवारी भाऊबीज होती. दादा तिकडे, मी इकडे, म्हणून सकाळपासून चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं. फराळाचा डबा घेऊन मैदानावर गेले आणि सगळ्यांना वाटला. आजोबांनी चकली घेतली, फिरवून फिरवून पाहिली, खाल्ली, आणि हा सण कधी सुरू झाला असं विचारलं. मी म्हटलं, पहिली अंघोळ गुरुवारी, 31 ऑक्टोबरला. ते हसले. ती तारीख आमच्याही गावात सणाचीच आहे, म्हणाले. शेजारी अद्वैतच्या मित्राचे वडील उभे होते. ते मला हळूच म्हणाले, तुला माहीत नाही का? हे त्या पंधरांपैकी एक आहेत.

या गावात ‘ते पंधरा’ म्हटलं की कोण पंधरा हे सांगावं लागत नाही.

आजोबांचं नाव या पत्रात नाही. घरी लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, लिही, पण माझं एकट्याचं नाव नको, पंधरांपैकी एक एवढंच लिही. म्हणून ते आघाडीच्या फळीत खेळत की मागच्या, हेही मी सांगत नाही. तुम्हाला ही अट पटेल याची मला खात्री आहे.

बाबा, आधी खेळ थोडक्यात सांगते. एका बाजूला पंधरा माणसं. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. हातात घेऊन पुढे पळायचं, पण साथीदाराला द्यायचा तर फक्त मागे किंवा आडवा. पुढे फेकला की चूक. म्हणजे पुढे जायचं ते पायाने, किंवा चेंडू छातीशी धरून, समोरच्याच्या अंगावरून. समोरचा तुम्हाला पाडतो. ही पाडण्याची कला म्हणजे तुमची घोट्याची पकड. चढाईवाला परतताना तुम्ही डाव्या कोपऱ्यातून खाली वाकून घोटा धरायचा, पायात गेलेला हात मग सुटायचा नाही, तसंच इथे पळत्या माणसाच्या मांड्यांना खांदा लावून मिठी मारतात. फरक एवढाच की इथे तो पळणारा शंभर किलोंचा असतो आणि पूर्ण वेगात असतो. पलीकडच्या रेषेपार चेंडू टेकवला की ट्राय. त्याचे तेव्हा 4 गुण होते, आता 5. ट्रायनंतर दोन खांबांच्या मधून, आडव्या दांड्यावरून चेंडू मारला तर आणखी 2, आणि समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेली पेनल्टी तशीच मारली तर 3.

या खेळात न्यूझीलंड म्हणजे काय, हे सांगायला मला आपल्याकडचा दाखला सापडत नाही. काळा सदरा, काळी चड्डी, सामन्याआधी माओरींचा हाका नाच, आणि मग समोरच्याचा चुराडा. ऑल ब्लॅक्स म्हणतात त्यांना. वेल्सने देश म्हणून त्यांना शेवटचं हरवलं ते 1953 साली. त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही! आणि हे लानेली म्हणजे देश नव्हे, शहरसुद्धा जेमतेमच. पत्र्याचं गाव. पोलादाच्या पातळ पत्र्याला कथिलाचा मुलामा द्यायचा, त्याचे डबे-पातेली करायची, यावर हे गाव वाढलं. म्हणून इथल्या रग्बीच्या मैदानावर गोलखांबांच्या टोकांना लाल रंगवलेली पातेली उलटी बसवलेली असतात, आणि गावाचं गाणंही पातेल्याचंच आहे. तो पत्र्याचा कारखाना अजून चालतो, आणि बाबा, आता तो आपल्या टाटांचा आहे. माझ्या वॉर्डात कारखान्यातले निवृत्त कामगार येतात, मी भारतातली म्हटल्यावर पहिला प्रश्न टाटांचाच असतो.

तर 1972. लानेली क्लबचं ते शंभरावं वर्ष. न्यूझीलंडचा संघ दौऱ्यावर आलेला, आणि मंगळवारी, 31 ऑक्टोबरला, स्ट्रेडी पार्कवर सामना. क्लबच्या खेळाडूंना त्या काळी पैसे मिळत नसत. रग्बी 1995 पर्यंत हौशीच होती, खेळण्याबद्दल पैसे घेणं नियमातच बसत नव्हतं. कुणी शाळेत शिकवायचा, कुणी कारखान्यात, कुणी आणखी कुठे. तुम्ही जसे गाळपाच्या हंगामात पाळी संपवून मळीचा वास अंगावर घेऊन थेट मैदानावर यायचात, तसेच हे लोक संध्याकाळी सरावाला यायचे.

पण त्यांच्यापाशी प्रशिक्षक म्हणून कार्विन जेम्स होते. त्यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते मला फार आवडले. इथून थोड्या अंतरावरच्या केव्हनेथिन नावाच्या खाणगावातले, कोळसा खाणकामगाराचा मुलगा. शिकले, वेल्श भाषा-साहित्याचे शिक्षक झाले, कवितेत रमणारा माणूस. 1970 मध्ये वेल्श राष्ट्रवादी पक्षाकडून याच लानेलीत निवडणुकीला उभे राहिले. ती हरले, आणि पुढच्याच वर्षी, 1971 मध्ये, ब्रिटिश आणि आयरिश लायन्स म्हणजे चार देशांच्या निवडक संघाचे प्रशिक्षक म्हणून न्यूझीलंडला गेले आणि तिथे, न्यूझीलंडच्या घरात, कसोटी मालिका जिंकून आले. दोन जिंकले, एक हरले, एक बरोबरीत. तशी मालिका लायन्सनी तिथे त्याआधीही जिंकली नव्हती आणि नंतरही आजवर जिंकलेली नाही. तरीही वेल्सच्या राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षकपद त्यांच्याकडे कधी आलं नाही, आणि 1983 मध्ये वयाच्या 53व्या वर्षी ते गेले. गावातली म्हातारी माणसं यावर अजून हळहळतात, आणि मलाही ते लागलं.

आजोबा म्हणाले, कार्विन आवाज चढवत नसत. ओरडून माणूस पेटतो, पण पेटलेला माणूस बघायचं विसरतो, असं काहीसं त्यांचं म्हणणं असायचं. न्यूझीलंडवाले कुठे जोर लावतात आणि घाईत पडले की काय करतात, हे त्यांनी वर्षभरापूर्वी तिथे जाऊन डोळ्यांनी पाहिलं होतं. लानेलीच्या संघातले तिघे, कर्णधार डेल्मी थॉमस, डेरेक क्विनेल आणि चिको हॉपकिन्स, त्या लायन्स दौऱ्यावर होते. त्यामुळे बाकीच्यांना ऑल ब्लॅक्स म्हणजे कुणी राक्षस वाटायचं कारण उरलं नव्हतं. तीही माणसंच, दमतात, चुकतात. हे नुसतं सांगून पटत नाही बाबा, पाहून आलेल्या माणसाने सांगावं लागतं.

सामन्याआधी खोलीत डेल्मी बोलायला उभे राहिले ते बोलणं इथे सगळ्यांना ठाऊक आहे. वेल्सकडून खेळलो, लायन्सबरोबर जग पाहिलं, पण आजचा हा सामना जिंकायला ते सगळं देऊन टाकीन, अशा अर्थाचं ते बोलले. अंगापिंडाने धिप्पाड माणसं रडली. आजोबांना ते सांगतानाही थांबावं लागलं. चहाचा कप दांड्यावर ठेवून त्यांनी थोडा वेळ पोरांकडे पाहिलं आणि मग पुढे सांगितलं.

आणि आई, आता तुझ्या शंकरपाळ्या. पहिला ट्राय कसा झाला हे मला कळेना, म्हणून आजोबांनी डब्याचं झाकण मागून घेतलं आणि त्यावर शंकरपाळ्या मांडल्या. लानेलीच्या या बाजूला, न्यूझीलंडच्या त्या बाजूला, आणि गोलखांब म्हणून चकलीचा तुकडा. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झालेला. लानेलीला पेनल्टी मिळाली. फिल बेनेटनी लांबून मारली. चेंडू आडव्या दांड्यावर आदळला आणि परत मैदानात पडला. सगळ्यांना वाटलं, संधी गेली. तो चेंडू न्यूझीलंडच्या लिन कॉलिंगच्या हातात आला, त्याने तो लाथाडून दूर पिटाळायचं ठरवलं. पण रॉय बर्जियर्स थांबले नव्हते. चेंडू दांड्याला लागला तेव्हाच त्यांनी धाव घेतली होती. कॉलिंगचा पाय चेंडूला लागला आणि त्याच क्षणी बर्जियर्सचे दोन्ही हात समोर आले. चेंडू हातांना लागून मागे उडाला, रेषेपार गेला, आणि बर्जियर्स त्यावर पडले. आजोबांनी एक शंकरपाळी बोटाने सरकवत सरकवत चकलीपाशी नेली आणि तिच्यावर तळहात ठेवला. एवढ्यात अद्वैत पळत आला आणि न्यूझीलंडचा एक गडी उचलून तोंडात टाकून परत पळाला.

बेनेटनी वरचे दोन गुणही मिळवले, 6-0. मग न्यूझीलंडच्या ज्यो करामने एक पेनल्टी मारली, 6-3. आणि तिथून पुढे जे झालं ते झाकणावर मांडता येत नाही, असं आजोबा म्हणाले, कारण पुढचा बराचसा सामना म्हणजे नुसतं पाडणं होतं. ते येतात, आपण पाडायचं. उठतात, पुन्हा येतात, पुन्हा पाडायचं. मधल्या फळीत रे ग्रॅव्हेल नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा होता. काळा सदरा दिसेल तिथे तो धडकत होता. उत्तरार्धात लानेलीला एक पेनल्टी मिळाली ती फारच लांब. अँडी हिल पुढे झाले आणि त्यांनी ती मैदानाच्या जवळजवळ मधूनच खांबांच्या पार मारली. 9-3. पुढे न्यूझीलंडने जंग जंग पछाडलं, पण एक गुण मिळाला नाही.

शिट्टी वाजली आणि वीस हजारांच्या घरातली गर्दी कुंपण ओलांडून आत आली. डेल्मींना लोकांनी खांद्यावर घेतलं. त्या रात्री गावातल्या पबमधली बिअर संपली असं सांगतात. गुणफलकाचा फोटो, 9-3 असा, अजूनही इथल्या कितीतरी घरांत आणि दुकानांत भिंतीवर आहे. मी तो वर्षानुवर्षं बघत आले. आता तो दिसला की माझे पाय थांबतात.

पुढच्या काही आठवड्यांत, 2 डिसेंबरला, तोच न्यूझीलंडचा संघ कार्डिफला वेल्सविरुद्ध खेळला आणि 19-16 असा जिंकला. म्हणजे देशाला जमलं नाही ते गावाने करून दाखवलं. जानेवारीत मात्र बार्बेरियन्स नावाच्या निमंत्रित संघाने त्यांना हरवलं, आणि त्या सामन्यातला पहिला ट्राय रग्बीतला सर्वांत सुंदर मानतात. तो सुरू केला फिल बेनेटनी, स्वतःच्या गोलखांबांसमोरून, तिघा-चौघांना हुलकावण्या देत. मधे टॉम डेव्हिड आणि डेरेक क्विनेल यांच्या हातून चेंडू गेला, आणि गॅरेथ एडवर्ड्सने शेवट केला. दादाला सांगा, यूट्यूबवर लावून देईल. बेनेटचं पाऊल बघा बाबा. चढाईला गेलेला माणूस कोपऱ्याला फसवतो ते पाऊल तुम्हाला ओळखीचं वाटेल.

पंधरांतले काही आता नाहीत. ग्रॅव्हेल 2007 मध्ये गेले, आणि तारीख पाहा, 31 ऑक्टोबर. मधुमेहाने त्याच वर्षी त्यांचा एक पाय काढावा लागला होता. वॉर्डात अशा पायांची मलमपट्टी मी रोज करते, त्यामुळे ते ऐकताना मला राहवेना. त्यांचा अंत्यविधी स्ट्रेडी पार्कवरच झाला, हजारो लोक आले. जे. जे. विल्यम्स 2020 मध्ये गेले, बेनेट 2022 मध्ये. स्ट्रेडी पार्कही राहिलं नाही. 2008 मध्ये क्लब गावाच्या दुसऱ्या टोकाला नव्या मैदानावर गेला आणि जुन्या जागेवर घरं झाली. पातेली मात्र नव्या खांबांवर आहेत, आणि बाहेर ग्रॅव्हेलचा पुतळा आहे.

आज हे लिहायला बसले त्याला आणखी एक कारण आहे. दुपारी कार्डिफला वेल्सचा संघ फिजीकडून 24-19 असा हरला. हा सलग दहावा पराभव. सकाळी मैदानावर सगळे उमेदीत होते, संध्याकाळी दुकानात गेले तर कुणी कुणाशी बोलेना. अशा दिवशी या लोकांना 9-3 किती लागतं हे मला आज कळलं. बाहेरचे म्हणतात, पन्नास वर्षांपूर्वीच्या एका सामन्याचं काय घेऊन बसलात. मला ते बोलणं आवडत नाही. ज्यांनी पाळी बदलून, पगार बुडवून सराव केला, पाचपन्नास वेळा जमिनीवर आपटून पुन्हा उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी कामाची वाट धरली, त्यांच्या वाट्याला पैसा आला नाही, आलं ते एवढंच. ते गावाने जपायचं नाही तर कुणी?

आता तुमच्याकडे येते. आजोबांनी मला विचारलं, तुझ्या घरी कुणी खेळायचं का. मी म्हटलं, बाबा कबड्डी खेळायचे. कबड्डी काय ते मी झाकणावरच्या उरलेल्या शंकरपाळ्यांनी दाखवलं. श्वास धरून एकट्याने समोरच्या सातांत जायचं हे ऐकून ते पुढे वाकले, पुन्हा सांग म्हणाले. मग मी त्यांना तुमचा तो सामना सांगितला, मारुतीच्या देवळामागचा, पुण्याच्या त्या नावाजलेल्या संघाविरुद्धचा. त्यांचे बूट आणि एकसारखे कपडे, आपले सगळे अनवाणी. लोण चढलेलं असताना तुम्ही शेवटी पाठोपाठ दोन पकडी केल्यात, आणि लोकांनी तुम्हाला बैलगाडीत बसवून गावातून फिरवलं. मला येतं तेवढं सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बाकीचे सहा कोण होते?

मला दोघांचीच नावं आली. सदाकाका, आणि गिरणीवाल्यांचा थोरला. बाकीच्यांची नावं लहानपणी तुमच्या तोंडून ऐकली असणार, पण लक्षात राहिली नाहीत. आजोबा काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी स्वतःच्या पंधरांची नावं एका दमात म्हणून दाखवली, मागच्या फळीपासून पुढच्या फळीपर्यंत, रॉजर डेव्हिसपासून सुरू करून, आणि मधे स्वतःच्या नावावर जराही न थांबता.

तर बाबा, एवढं काम करा. सातही जणांची नावं, कोण कुठल्या जागेवर उभा राहायचा, कोण काय काम करायचा, राखीव कोण होते, हे दादाला सांगून कागदावर उतरवून घ्या आणि मला फोटो काढून पाठवा. सदाकाका आहेत तोवर त्यांनाही विचारा, त्यांना सामन्याचं साल नक्की आठवेल. गुण किती-किती झाले तेही हवेत, आजोबा ते विचारल्याशिवाय राहणार नाहीत. पुढच्या रविवारी मी डबा घेऊन जाणार आहे, त्याआधी मिळालं तर बरं.

आई, शंकरपाळ्या संपल्या आहेत. संदीप ठीक आहेत, थंडीने गुडघा दुखतो एवढंच. अद्वैत तुम्हा दोघांना नमस्कार सांगतो. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

तुमची,
शुभा